त्राटिकेचें शासन आणि रसिकांची रुचि

प्रणयकथेंत शासनाला स्थान असावें काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं कोणासही चमत्कारिक वाटेल. प्रेम म्हटलें कीं आर्जव आलें, अनुनय आला, विरहाचे निःश्वास आले. तेथें छडीचें किंवा चापटीचें काय काम? परंतु वाचकांच्या रुचीचा इतिहास पाहिला तर मानी नायिका आणि तिचा मान उतरविणारा नायक ही जोडी रसिकांनीं फार काळापासून आवडीनें पाहिली आहे असें दिसतें. इंग्रजींत तर आज नायिकेस मिळणाऱ्या लहानमोठ्या शिक्षेभोंवतींच गुंफलेल्या प्रणयकथांचा एक निराळा प्रकार आहे, आणि त्याला निष्ठावंत वाचक, विशेषतः स्त्री-वाचक, आहेत. हे वाचक चोखंदळ असतात. नायकानें रागाच्या भरांत हात उगारला कीं त्यांचा विरस होतो. नायिकेला अगदींच अजाण लेकरूं करून टाकलें कीं ते चिडतात. आणि तिच्या मनाचा कौल न घेतां केलेली शिक्षा तर ते मुळींच खपवून घेत नाहींत. नाक मुरडून हा विषय बाजूस सारणें सोपें आहे. पण जेथें रुचि आहे तेथें तिचे नियमही असतात. आणि हे नियम आपल्याकडे केव्हां पाळले गेले व केव्हां मोडले गेले, हें पाहणें उद्बोधक ठरेल.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. वात्स्यायनानें कामसूत्रांत प्रणयांतील लटक्या प्रहारांचें एक प्रकरणच लिहिलें आहे. परंतु ज्या प्रहारांनीं इजा होते असे कांहीं प्रकार दाक्षिणात्यांत रूढ असल्याचें सांगून लगेच तो त्यांना दुःखदायक व अनार्य म्हणतो, आणि खेळाचें पर्यवसान अनर्थांत कसें होतें याचीं उदाहरणें देतो. त्यांतील एक आपल्याच भूमीचें आहे. कुंतल देशाचा शातकर्णि सातवाहन राजा. त्याच्या हातून असल्याच प्रहारानें महादेवी मलयवती प्राणांस मुकली. कुंतल म्हणजे कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांतील प्रदेश. सोलापूर जिल्ह्याचा बराचसा भाग त्यांतच मोडतो. अंतःपुरांतील ही शोकांतिका शास्त्रकारानें नोंदवून ठेवली ती मनोरंजनासाठीं नव्हे, सावध करण्यासाठीं.

त्याच सातवाहनांच्या नांवाशीं निगडित असलेल्या 'गाथासप्तशती'ंत मात्र याच्या अगदीं उलट चित्र आहे. रुसलेल्या गृहिणीच्या पायांवर नवरा लोळण घेतो. तेवढ्यांत त्यांचें पोर बापाच्या पाठीवर चढून बसतें. आणि इतका वेळ संतापलेल्या त्या बाईला हंसूं आवरत नाहीं. अमरूच्या एका प्रसिद्ध श्लोकांत तर नायिकाच प्रियकराला आपल्या बाहुपाशांत जखडून सख्यांपुढें आणते आणि रडत रडत बडविते, व तो अपराधी हंसत हंसत सारें नाकारीत राहतो. संस्कृत-प्राकृत काव्यांत मान हा नायिकेचा अलंकार आहे. नमावें लागतें तें नायकाला. सोलापूरचा राम जोशी आणि त्याच्या काळचे शाहीर यांच्या लावणींतही रुसण्याचा हक्क स्त्रीचा आणि समजूत घालण्याचें काम पुरुषाचें. कवितेबाहेरच्या घरांत काय चालत असे, हा प्रश्न निराळा. जात्यावरच्या ओव्यांतून तें पुष्कळ कळतें. पण रसिकांची आवड कवितेंत तरी या बाजूस झुकलेली होती, एवढें निश्चित.

ही बाजू पालटली ती इंग्रजी विद्येच्या अमदानींत. शेक्सपियरचीं नाटकें मराठींत आणण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या पदवीधरांस लागली. आगरकरांनीं 1883 सालीं हॅम्लेटचें 'विकारविलसित' केलें, देवलांनीं ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. आणि फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं 1891 च्या सुमारास कर्कशेस वठणीवर आणण्याच्या त्या सुप्रसिद्ध सुखात्मिकेची 'त्राटिका' केली. शाहूनगरवासी मंडळीनें ती रंगभूमीवर आणली. गणपतराव जोशी यांचा प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग यांची त्राटिका हें जोडनांवच त्या पिढींत होऊन बसलें. गंभीर भूमिकांनीं प्रेक्षकांस थरारून सोडणारे गणपतराव या नाटकांत खळखळून हंसवीत.

या यशाचें मर्म काय? पहिली गोष्ट अशी कीं, शेक्सपियरच्या मूळ नाटकांत नायक नायिकेवर हात टाकीत नाहीं. पहिला तडाखा देते ती तीच, आणि पुन्हां मारशील तर मीही मारीन एवढें बजावून तो थांबतो. पुढें तो तिला उपाशी ठेवतो, झोंपूं देत नाहीं, शिवून आणलेला पोशाख तिच्या डोळ्यांदेखत फेटाळून लावतो, आणि सूर्याला चंद्र म्हणावयास लावतो. त्याच्या पूर्वीं, सोळाव्या शतकांतच छापलेल्या एका इंग्रजी कथागीतांत नवरा बायकोला रक्त निघेपर्यंत मारून मिठानें माखलेल्या घोड्याच्या कातड्यांत गुंडाळतो. त्या पाशवी विनोदाशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे शेक्सपियरनें किती गाळलें तें ध्यानांत येतें. काठी दूर केली म्हणूनच तेथें प्रणयाला जागा झाली. तरीही खुद्द इंग्लंडांत सर्वांचें समाधान झालें नव्हतें. फ्लेचरनें 1611 च्या सुमारास या नाटकाचा उत्तरार्ध लिहिला; त्यांत नायकाची दुसरी बायको त्यालाच वठणीवर आणते. उलट, अठराव्या शतकाच्या अखेरीस केंबल या नटानें नायकाच्या हातीं चाबूक दिला आणि तो पुढें कित्येक वर्षें रंगभूमीवर राहिला. याच कथेवर रचलेल्या 1948 च्या एका अमेरिकन संगीतिकेंत तर नायक नायिकेला भर रंगमंचावर मांडीवर घेऊन चापट्या देतो. म्हणजे लेखकानें गाळलेली काठी नटांनीं व प्रेक्षकांनीं पुन्हां पुन्हां परत मागितली आहे. रुचीचे हे दोन प्रवाह शतकानुशतकें शेजारीं शेजारीं वाहत आलेले आहेत.

मराठींत या नायिकेला मिळालेलें नांवही विचार करण्याजोगें आहे. त्राटिका ही रामायणांतली राक्षसी. तिला रामानें मारलें, तेंही स्त्रीवधाचा संकोच विश्वामित्रांनीं दूर केल्यावर. नायिकेला हें नांव देतांच तिच्या रागाचें कारण विचारण्याची गरज संपते. आमच्या करमाळ्यांत कमलाभवानीच्या देवळांत शेंकडों लोक रोज हात जोडतात. देवीचा कोप म्हटला कीं आम्ही मस्तक लववितों, आणि घरच्या बाईचा कोप म्हटला कीं आम्हांस त्राटिका आठवते. शिवाय त्या काळीं स्त्रीची भूमिका पुरुषच करीत असे. आपण एका स्त्रीचा मानभंग पाहत आहोंत ही टोंचणी त्यामुळें बोथट होई. रंगभूमीवर सारें दोन पुरुषांचें सोंगच होतें.

पण नाटकाबाहेर सोंग नव्हतें. तो काळ आठवावा. बालपणीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें म्हणून 1884 सालीं त्यांच्यावर मुंबईस दावा झाला. 1887 मध्यें न्यायालयानें नांदावयास जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा निकाल दिला, आणि त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 सालीं पैशाची तडजोड होऊन प्रकरण मिटलें. 1891 सालीं संमतिवयाचा कायदा झाला, तो महाराष्ट्र ढवळून काढणाऱ्या वादांतून. ज्या समाजांत दहा-बारा वर्षांच्या मुलीला पतिगृहाखेरीज दुसरें दार नव्हतें, त्याच समाजानें त्याच सुमारास 'त्राटिका' डोक्यावर घेतली. नाटकांतली त्राटिका थोर वयाची होती, नवऱ्याला तोडीस तोड उत्तर देत होती. प्रेक्षागृहांतून घरीं परतणाऱ्या गृहस्थाची पत्नी बहुधा तशी नव्हती. खेळ एकच, पण एका ठिकाणीं दोन खेळाडू आणि दुसऱ्या ठिकाणीं एकच. ताराबाई शिंदे यांनीं 1882 सालींच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून हा हिशेब मांडला होता. तो वाचणारे थोडे आणि हंसणारे पुष्कळ, एवढेंच.

तरीही रुचि एका जागीं थांबली नाहीं. 1911 सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें. भामिनी धनाच्या गर्वानें गरीब सेनापति धैर्यधराचा अपमान करते, आणि अखेर तिचा गर्व गळतो. कथेचा सांगाडा मानभंगाचाच. पण येथें तिला कोणी उपाशी ठेवीत नाहीं. वनमाला हें नांव घेऊन ती आपण होऊन त्याच्या छावणींत जाते, त्याचें शौर्य डोळ्यांनीं पाहते, आणि आपलें मत आपणच बदलते. धैर्यधरालाही आपला मान थोडा आवरावा लागतो. शासन राहिलें, पण तें नायिकेनें स्वतःच स्वतःला केलें. प्रेक्षकांनीं या नाटकावर केलेलें प्रेम अजून आटलेलें नाहीं, आणि माझ्या मतें गोविंदराव टेंब्यांच्या चालींइतकाच या बदलाचाही त्यांत वांटा आहे.

भामिनी झाले होते बालगंधर्व. तेच 1919 सालीं 'एकच प्याल्या'ंत सिंधू झाले. गडकऱ्यांनीं येथें काठीवरचा सारा मुलामा उतरविला. दारूनें बेभान झालेल्या सुधाकराच्या प्रहारानें पोटचें मूल दगावतें. सिंधू अखेरच्या श्वासापर्यंत त्यालाच पाठीशीं घालते. नाटकगृहांत हुंदके आवरत नसत. सिंधूच्या सोशिकतेचा जो गौरव या नाटकांत आहे त्यावर पुढील पिढीनें रास्त आक्षेप घेतले. परंतु प्रहार हा प्रहार आहे, त्यांत गोडी नाहीं, हें मध्यमवर्गाला इतक्या उघडपणें यापूर्वीं कोणी क्वचितच दाखविलें असेल. 'त्राटिके'ला हंसलेल्या घराण्यांचींच मुलें-नातवंडें येथें रडलीं.

त्यानंतर लेखणी स्त्रियांनीं घेतली. विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें 1933 सालीं 'कळ्यांचे निःश्वास' निघालें, तेव्हां केवढा गहजब झाला! त्या कथांतून शिकलेल्या मुलींचीं मनें प्रथमच बोलूं लागलीं, आणि जिला वठणीवर आणावयाचें तिच्या मनांत काय चाललें आहे, हें विचारल्यावांचून वाचकांना राहवेना. फडक्यांच्या कादंबऱ्यांतही प्रेमिकांचे रुसवे व गैरसमज विपुल आहेत. पण तेथें नायक-नायिका सुशिक्षित, बोलकीं आणि बरोबरीचीं असतात. रुसव्याची जुनी गोडी पुन्हां परत आली, ती नायिकेला बरोबरी मिळाल्यावर.

मी कित्येक वर्षें वर्गांत शेक्सपियरची ती सुखात्मिका शिकवीत आलों आहें. पहिल्या अंकांना मुलेंमुली सारखींच हंसतात. नायिकेचें शेवटचें लांबलचक आज्ञाधारक भाषण आलें कीं मात्र वर्ग शांत होतो, आणि कोणी तरी मुलगी हटकून विचारते, "सर, हें ती मनापासून बोलते कीं थट्टेनें?" या प्रश्नांतच साऱ्या विषयाचें सार आहे. थट्टेनें बोलत असेल तर तो दोघांचा खेळ आहे, आणि त्याचा आनंद घेण्यांत कांहीं पाप नाहीं. खरोखरीच मोडून गेल्यामुळें बोलत असेल तर ती शोकांतिका आहे, मग तिला नांव कोणतेंही द्या. 2005 सालीं झालेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें घरांतील हाताला चाप लावला. कथेंतला हात मात्र वाचकाच्या विवेकावरच सोडलेला आहे.

आणि तो विवेक, मला वाटतें, वाचकाला चांगला आहे. त्याला शिक्षा नको असते. शिक्षेचा खेळ हवा असतो. खेळाची अट एकच: दोघांपैकीं कोणालाही तो मोडतां आला पाहिजे. हें ज्यांना कळलें त्यांच्या कथा टिकल्या. मलयवतीला तो मोडतां आला नाहीं. गाथेंतल्या त्या गृहिणीला आला, कारण रुसावें कधीं आणि हंसावें कधीं हें तिचें तिच्याच हातांत होतें. असल्या कथेची पारख करावयाची तर नायकाच्या हातांत काय आहे हें पाहूं नये. शेवटीं नायिकेला हंसूं येतें कीं नाहीं, तें पाहावें.