सांधे दुखतायत, मग जुनी पद्मिनी ठेवायची का? निर्णय असा घ्या

क्लासिक कार प्रोजेक्ट म्हणजे जुनी गाडी सवडीने, स्वतःच्या हाताने पुन्हा चालती करणं. आपल्याकडे ती बऱ्याचदा प्रीमियर पद्मिनी असते. शहाडच्या एखाद्या सोसायटीत ताडपत्रीखाली अशी गाडी उभी आहे, आणि ती खोलून बसलेल्या बाबांचे (किंवा तुमचेच) गुडघे, बोटं दुखतायत. आता काय?

आधी कागद बघा. एमपरिवाहन ॲपमध्ये नंबर टाकला की पहिली नोंदणी कधीची आणि फिटनेस कधीपर्यंत ते दिसतं. जुन्या सीरिजचा नंबर सापडला नाही, तर आरसी घेऊन कल्याण आरटीओ गाठा. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला त्याची फी १०,००० रुपये आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे त्या वयात आल्यात. पण दोन अटी आहेत. व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. त्यामुळे "दुसरं इंजिन टाकू, सोपं पडेल" हा सल्ला घाईत ऐकू नका.

आता शरीर. महिनाभर फोनच्या नोट्समध्ये रोज तीन गोष्टी लिहा: काय काम केलं, कुठला सांधा दुखला, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहिला. झिजेच्या दुखण्यात तो साधारण अर्ध्या तासात जातो. त्याहून जास्त टिकत असेल, सांधे सुजत असतील, तर पाना बाजूला ठेवा आणि सांधेविकारतज्ज्ञ गाठा. हे वयाचंच दुखणं असतं असं नाही, विशीतही होतं.

महिन्याच्या नोंदींवरून कामं वेगळी करता येतात. कार्बोरेटर, वायरिंग, डायनॅमो ही कामं टेबलावर बसून होतात. गिअरबॉक्स उतरवणं, गाडीखाली झोपून बोल्ट सोडवणं, इंजिन उचलणं ही मात्र सरळ गॅरेजला द्या. माझ्या मते ह्यात कमीपणा काही नाही, प्रोजेक्ट तुमचाच राहतो. वाकणं टाळायला टाईप-सी एंडोस्कोप कॅमेरा घ्या. प्लगच्या भोकातून पिस्टन आणि खालच्या पत्र्याचा गंज फोनवर दिसतो. ओबीडी स्कॅनर मात्र घेऊ नका, पद्मिनीत तो लावायला जागाच नाही.

एक गोष्ट लोक विसरतात: गाडी तयार झाल्यावर चालवायचीही आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. शहाड पुलाच्या ट्रॅफिकमध्ये खांदा, मनगट आणि क्लचचा गुडघा सगळ्यांनाच काम. म्हणून पुढचा पैसा घालण्याआधी कोणाचीतरी चालती पद्मिनी अर्धा तास चालवून बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते नोट्समध्ये टाका. तेच जमत नसेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

विकायची ठरलीच तर खोललेल्या प्रत्येक भागाचे फोटो आणि लेबल लावलेले डबे सोबत द्या, नाहीतर गाडी भंगाराच्या भावात जाते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं गेलं का, तेही ॲपवर तपासा. नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच असता.