ध्वन्यावरण जनित्र

ध्वनीची प्रबलता आरंभापासून लोपापर्यंत ज्या रीतीने बदलत जाते, तिच्या आकारास ध्वन्यावरण म्हणतात. संश्लेषकामध्ये हा आकार विद्युत् दाबाच्या अथवा संख्यांच्या रूपाने निर्माण करणारा घटक म्हणजे ध्वन्यावरण जनित्र होय. व्यवहारात तो एन्व्हलप जनरेटर या नावाने ओळखला जातो.

वाद्य ओळखण्यात आवरणाचा वाटा केवढा असतो, हे कोल्हापूरच्या मैफलीतील दोन परिचित वाद्यांवरून ध्यानात येते. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी ज्या पेटीवर कीर्ती मिळविली, तिचा स्वर पट्टी दाबताच उमटतो, भात्याचा दाब असेतो एकसारखा टिकतो व बोट उचलताच थांबतो. तंबोऱ्याचे तसे नाही. तार छेडल्यानंतर तिचा नाद क्षणभराने फुलतो आणि लोपता लोपता त्याचा रंग पालटत राहतो. दोन्ही वाद्ये एकाच षड्‌जात मिळविली, तरी कान त्यांत गफलत करीत नाही.

या तत्त्वाचा प्रत्यय फ्रेंच संगीतकार प्येअर शेफेर यांना १९४८ मध्ये आला. घंटेच्या ध्वनिमुद्रणातील ठोक्याचा भाग वगळून उरलेला नाद ऐकला असता तो घंटेचा न वाटता सुषिर वाद्याचा वाटू लागला. मात्र असा आकार हवा तेव्हा घडविणारे सुटसुटीत साधन पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत तयार झाले. हर्बर्ट डॉइच या संगीतकाराने स्वराला आरंभ व अंत देण्याची सोय मागितली, तेव्हा रॉबर्ट मोग यांनी दारावरच्या घंटेचे साधे बटण आणून धारित्रात विद्युत् भार साठविण्याची व तो सावकाश सोडण्याची योजना केली. १९६५ मध्ये व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी तिला चार राशींचे रूप सुचविले : आरोहकाल, प्रारंभिक उतार, स्थिर पातळी व अंतिम उतार. हीच चौकडी पुढे बहुतेक संश्लेषकांत रूढ झाली. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मोग संश्लेषक उभारला.

चौकडी सोयीची खरी. परंतु ती पट्टी दाबणे व सोडणे या क्रियांवर बेतलेली आहे. पेटीला ती पुरते, तंबोऱ्याला पुरत नाही. कोल्हापूरपासून सुमारे ५० किमी. अंतरावरील मिरज येथे एकोणिसाव्या शतकात शिकलगार कारागीर तंतुवाद्यांच्या घडणीकडे वळले. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून त्याला अत्यंत मंद गोलाई देतो, तारेखाली सुताचा धागा सरकवितो आणि जवारी लागली की नाही ते कानाने ठरवितो. म्हणजे आवरणाची रचना तो हातानेच करीत असतो, असे म्हणण्यास हरकत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले, की नेहमीच्या नियमानुसार जे उपस्वर उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात. शिवाय हे उपस्वर एकाच वेळी चढत व उतरत नाहीत. सबंध नादाला एकच आवरण लावले, तर तंबोऱ्याचे चित्र हाती येते, तंबोरा नव्हे.

यावरील उपाय संगणकीय संश्लेषणात सापडतो. मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल प्रयोगशाळेत १९५७ पासून संगणकाकडून ध्वनी निर्माण करविले. तेथेच १९६० नंतरच्या दशकात झां-क्लोद रिसे यांनी तुतारीसदृश ट्रम्पेटच्या स्वराचे विश्लेषण करून प्रत्येक उपस्वराचे आवरण स्वतंत्र असते, हे प्रयोगाने सिद्ध केले. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटा (१९९६) व त्यानंतरच्या व्हीसीव्ही रॅक (२०१७) यांसारख्या सुट्या घटकांच्या प्रणालींमुळे अशी आवरणे स्वतः जुळविणे सामान्य अभ्यासकाच्याही आवाक्यात आले.

तंबोऱ्यासाठी जुळणी करताना उपस्वरांचे गट पाडून प्रत्येकास आपले आवरण द्यावे लागते. वरच्या गटांचा आरोह किंचित उशिरा सुरू करावा लागतो. उतार सरळ रेषेत ठेवल्यास तो कृत्रिम भासतो. कान प्रबलतेतील फरक गुणोत्तराने जाणतो, म्हणून वक्र उतार हवा. धारित्राच्या मंडलात तो आपोआप मिळत असे, संगणकात तो मुद्दाम गणित करून आणावा लागतो. दुसरी अडचण बारीक, पण कानाला फार खटकणारी आहे. नाद पुरता लोपण्यापूर्वी तार पुन्हा छेडली गेली आणि आवरण शून्यावरून सुरू झाले, तर टक्‌ असा आवाज येतो. त्यामुळे नवा आरोह त्या क्षणाच्या पातळीपासूनच निघाला पाहिजे. पंचम, जोड व खर्ज यांच्या चारही तारांना पृथक् आवरणे न दिल्यास पुढची तार मागचीचा नाद तोडते आणि स्वरांची अखंड बैठक नाहीशी होते.

हे सर्व साधले, तरी प्रत्येक छेड तंतोतंत सारखी उमटू लागते व थोड्याच वेळात ऐकणारा कंटाळतो. बोटाचा दाब दर वेळी निराळा असतो, म्हणून आरोहकाल व पातळी यांत प्रत्येक छेडीला लहानसा यदृच्छ फरक घालतात. तो किती असावा याचे सूत्र नाही. मिरजेच्या कारागिराप्रमाणे येथेही तो कानानेच ठरवावा लागतो.