न्यायमूर्ती वस्तीवर येतात

उत्तर ध्रुवाकडील नैसर्गिक वायू दक्षिणेत आणण्यासाठी कॅनडातील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वाहिनी टाकावयाची, असा बेत बड्या कंपन्यांनी केला. ती डेने व इन्युइट आदिवासींच्या शिकारीच्या मुलुखातून जाणार होती. १९७४ साली सरकारने न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांस चौकशीस नेमले. असल्या चौकशा राजधानीतच आटोपतात, हा अनुभव आपल्यालाही आहे! बर्जर मात्र ३५ वस्त्यांवर गेले. सुमारे हजार लोक बोलले, पुष्कळसे मातृभाषेत. दुभाषे होतेच, शिवाय त्या साक्षींचा वृत्तांत आदिवासी भाषांतून रेडिओवर इतर वस्त्यांना ऐकू येई. इंजिनियरांना वाहिनीचे आकडे पाठ, वृद्ध शिकाऱ्यांना कॅरिबू हरणांच्या वाटा. दोहोंची नोंद एकाच दप्तरात झाली, हे मला फार मोलाचे वाटते.

१९७७ च्या अहवालात बर्जर यांनी सांगितले : उत्तर युकॉनमधून वाहिनी कधीच नको, खोऱ्यात १० वर्षे थांबा, आधी जमिनीच्या हक्कांचा निकाल लावा. ती योजना मागे पडली. पुढे २००० नंतर ती नव्याने निघाली, तेव्हा तेथल्या आदिवासींच्या संस्थेचा एकतृतीयांश वाटा ठरला होता. २०१७ साली तीही कंपन्यांनी गुंडाळली.