हळद आणि ‘पित्ताशय’

हळद पित्ताशयास हितकर असल्याचा पुरावा प्राचीन ग्रंथांत आहे, असे विधान वारंवार केले जाते. ते तपासताना प्रथम शब्दाकडे पाहणे अवश्य आहे. सोलापुरात हळदीस कानडी भाषक अरिशिन व तेलुगू भाषक पसुपु म्हणतात. ‘पित्त’ मात्र सर्वांचेच. पण मराठीत पित्त होते तेव्हा आंबट ढेकर येतात, उठते तेव्हा अंगावर गांधी, आणि खवळते तो राग! सुश्रुताच्या सात आशयांत ‘पित्ताशय’ आहे खरा. परंतु पित्ताचे स्थान त्याने आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये सांगितले. आज ते नाव यकृताखालील पिशवीस आहे. चरकसंहितेत कामलेवर (आपली ‘कावीळ’ त्याच शब्दाची) हळद, त्रिफळा, कडुनिंब इत्यादींनी सिद्ध केलेले म्हशीचे तूप आहे. त्यातून एकट्या हळदीचा गुण कसा वेगळा काढावा?

पित्ताशयाविषयीचा प्रत्यक्ष पुरावा अलीकडचा. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 20 मिलिग्रॅम कर्क्युमिनने 12 निरोगी व्यक्तींच्या पित्ताशयाचे आकारमान दोन तासांत सुमारे 29 टक्क्यांनी घटले. 2023 साली थायलंडमधील चाचणीत अपचनावर त्याचा परिणाम ओमेप्राझोलच्या तोडीचा आढळला. यांपैकी एकही प्रयोग पित्ताशयातील खड्यांच्या रुग्णांवरचा नव्हे. ‘पित्तावर हळद’ ऐकून अशा रुग्णाने ती औषध म्हणून घेतल्यास तेच आकुंचन कळ आणू शकते.