डोंगरवाटेवरचे बोलणे : पुरुषांचे मानसिक स्वास्थ्य आणि गटपदभ्रमण

पुरुषांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी काढल्या जाणाऱ्या मार्गदर्शित डोंगरफेरीची कल्पना अगदी साधी आहे. अनुभवी गटनायकाच्या सोबतीने दहा-पंधरा पुरुषांनी ठरलेल्या दिवशी एखादा डोंगर चढायचा. वाटेत ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलायचे, ज्याला वाटणार नाही त्याने नुसते चालायचे. शिखर गाठणे हे तिचे उद्दिष्ट नसते. निम्म्या वाटेवरून परतलेली फेरीही सफल मानली जाते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अशा चालण्याच्या गटांनी गेल्या दशकभरात चांगले मूळ धरले आहे. गोव्यात सह्याद्री घरापासून तासा-दीड तासावर असूनही गिरिभ्रमणाकडे प्रामुख्याने छंद म्हणूनच पाहिले जाते.

केवळ पुरुषांसाठी वेगळी फेरी कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आकड्यांत सापडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दर दहांमागे सात. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. दुसरीकडे, नैराश्याचे निदान होऊन उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. पुरुष दुःखी नसतो असा याचा अर्थ नव्हे. त्याचे दुःख वेगळ्या वेषात समोर येते: चिडचिड, अबोला, वाढलेले मद्यपान, कामात स्वतःला गाडून घेणे, पाठदुखी आणि निद्रानाशाची तक्रार. घरच्यांना ‘स्वभाव बिघडला’ एवढेच दिसते.

असा पुरुष समोरासमोर बसून मन उघडे करायला सहसा तयार होत नाही. हाताला किंवा पायाला काही काम असले की मात्र त्याची जीभ सैल होते. या निरीक्षणावर ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ ही चळवळ उभी राहिली. निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती करायची आणि त्या ओघात बोलायचे, असे तिचे स्वरूप. इंग्लंडमधील हॅलिफॅक्स येथे माजी रग्बीपटू ल्यूक अँबलर यांनी मेहुण्याच्या आत्महत्येनंतर २०१६ मध्ये ‘अँडीज मॅन क्लब’ सुरू केला. पहिल्या सोमवारी नऊ जण जमले होते. आज ब्रिटनच्या अनेक गावांत दर सोमवारी सायंकाळी त्याच्या बैठका भरतात. डोंगरफेरी हे याच विचाराचे चालते रूप होय. वाटेवर नजरेला नजर द्यावी लागत नाही. गप्प राहिले तर ते खटकत नाही, चढावर दम लागला की वाक्य अर्धवट सोडता येते आणि पुढच्या वळणावर पुन्हा उचलता येते. दवाखान्यातील खुर्चीवर ही सोय नसते.

याला शास्त्रीय आधार किती? भरभक्कम नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथील संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या वीस जणांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने आधी नऊ आठवडे देखरेखीखाली डोंगर चढले आणि नंतरचे नऊ आठवडे नेहमीसारखे घालवले. दुसऱ्याने उलट क्रम पाळला. चालण्याच्या काळात निराशेची भावना, नैराश्य आणि आत्मघाताचे विचार लक्षणीय घटल्याचे आढळले. वीस ही संख्या लहान आहे आणि अभ्यास पुरुषांपुरता नव्हता, हे विसरता येत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ मधील प्रयोगात अडतीस जणांपैकी काहींना नव्वद मिनिटे निसर्गात, तर काहींना वाहत्या रस्त्याकडेने चालायला लावले. तेच ते विचार मनात घोळवत राहण्याची प्रवृत्ती निसर्गात चाललेल्यांत कमी झाली.

गोव्याशी या विषयाचा संबंध डोंगरांपुरता नाही. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित संशोधकांनी राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतील ३९ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. त्या मदतीचा गाभा होता ‘सोडून दिलेल्या गोष्टी पुन्हा करू लागणे’. मन बरे वाटले की बाहेर पडू, असे रुग्ण म्हणतो. उपचारपद्धती सांगते की आधी बाहेर पडा. ठरलेल्या रविवारी पहाटे बूट घालून निघणे हे त्याच तत्त्वाचे उदाहरण आहे. याच संशोधनाचा दुसरा भाग केवळ अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी होता. मित्रांचे मोकळे बोलणे म्हणजे ग्लासासोबतचे बोलणे, हे समीकरण जिथे रूढ आहे तिथे मद्याविना घडणारी चार तासांची सोबत ही लहान बाब नव्हे.

फेरीची आखणी हे गटनायकाचे खरे कौशल्य. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, असा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला. तो आजही वापरला जातो. या फेऱ्यांत मात्र त्याहून बराच अधिक वेळ धरावा लागतो, कारण चालता चालता बोलता आले पाहिजे. एक जण आघाडीला आणि एक पिछाडीला असतो. मागे रेंगाळणाऱ्याला बहुधा काही सांगायचे असते, म्हणून पिछाडीचा माणूस अधिक समजूतदार निवडावा. ऐकलेले डोंगरावरच राहील, सल्ला मागितल्याशिवाय दिला जाणार नाही, मद्य आणले जाणार नाही, हे नियम पायथ्याशीच सांगितले जातात. हृदयविकार, मधुमेह आणि चालू औषधांची माहिती आधीच घेतलेली असते.

नवख्या गटासाठी पारोड्याचा चंद्रनाथ किंवा बोरीचा सिद्धनाथ पुरेसा आहे; सत्तरीतील वाघेरी त्यानंतरची. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे तर वनखात्याचा परवाना अनिवार्य आहे. पावसाळ्यात निसरड्या वाटा आणि अचानक फुगणारे ओहोळ यांमुळे नवख्यांना नेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. एकच मोठी मोहीम काढण्यापेक्षा दर पंधरवड्याला लहान फेरी काढलेली बरी, कारण माणूस तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोलू लागतो.

गटनायक हा उपचारक नव्हे. कोणी जगणे नकोसे झाल्याचे सुचवले तर त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो हा समज चुकीचा आहे. त्याला एकटे सोडू नये, उतरल्यावर घरच्या माणसाच्या हवाली करावे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. चालू औषधे डोंगराच्या भरवशावर बंद करू नयेत. बांबोळीच्या मनोरुग्णालयात उपचारांची सोय आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते.