हिमस्खलनाच्या धोक्याचे मूल्यमापन

हिमस्खलनाच्या धोक्याचे मूल्यमापन म्हणजे बर्फाच्छादित पर्वतात प्रवासापूर्वी व प्रवासादरम्यान उतार, हवामान आणि हिमथरांची रचना तपासून हिमस्खलनाची शक्यता व त्याचे संभाव्य परिणाम ठरविण्याची पद्धत होय. गिर्यारोहक, स्कीपटू, पदभ्रमण करणारे आणि हिमाच्छादित सीमेवरील सैनिक यांच्यासाठी ती आवश्यक मानली जाते.

प्रकार

सुट्या बर्फाचे स्खलन एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पंख्यासारखे पसरते. पट्ट-स्खलनात खालच्या कमकुवत थरावर बसलेला बर्फाचा सलग पट्टा एकदम तुटून घसरतो. प्रवाशांच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत घातक असतो. वसंतात किंवा उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्यामुळे ओल्या बर्फाचे स्खलन होते. याशिवाय हिमनदीवरील बर्फाचे कडे कोसळूनही स्खलन होते.

मूल्यमापनाचे घटक

उतार : बहुतेक पट्ट-स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. उतार उतारमापकाने किंवा नकाशावरील समोच्च रेषांवरून मोजतात. स्वतः उभे असलेल्या जागेचाच नव्हे, तर वरच्या उताराचाही विचार करावा लागतो, कारण सपाट दरीतील वाटही स्खलनाच्या मार्गात येऊ शकते.

हवामान : जोरदार हिमवृष्टी, पाऊस व तापमानातील जलद वाढ यांनी धोका वाढतो. वारा बर्फ उडवून आडोशाच्या बाजूस साठवितो, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही तेथे जड पट्टा तयार होतो.

हिमथर : प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बनतो. थंड हवा व उथळ बर्फ असल्यास जमिनीलगत साखरेसारखे सुटे स्फटिक तयार होतात व वरच्या थरांना आधार राहत नाही. हा दोष पृष्ठभागावरून दिसत नाही. तो शोधण्यासाठी खड्डा खणून थरांचा कठीणपणा पाहतात आणि बर्फाच्या सुट्या केलेल्या स्तंभावर फावडे ठेवून थाप देत चाचणी घेतात. मात्र एका खड्ड्याचा निष्कर्ष संपूर्ण उताराला लागू होत नाही.

धोक्याच्या खुणा

जवळपास नुकतेच झालेले स्खलन ही सर्वांत ठळक खूण होय. पावलाखाली बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून खचणे आणि पृष्ठभागावर भेगा धावणे याही गंभीर खुणा आहेत. अशा वेळी मागे फिरणे हाच योग्य निर्णय ठरतो. जुनी पाऊलवाट सुरक्षिततेचा पुरावा नसते.

धोका-श्रेणी

युरोपात १९९३ पासून कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च व अतिउच्च अशी पाच पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते. तिसरी पायरी मधली असली, तरी अनेक प्राणघातक अपघात याच पायरीवर घडतात. भारतात १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास आस्थापना स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अंतर्गत चंदीगढ येथील नवी संस्था अस्तित्वात आली. ही संस्था हिमालयासाठी स्खलनाचे इशारे तयार करते.

बचाव

पूर्ण गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जिवंत राहण्याची शक्यता पहिल्या सुमारे १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरून मदत येण्यापूर्वी सोबत्यांनीच शोध घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे व घेणारे बीकन, शोधकाठी आणि फावडे असावे लागते. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडतात व इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावयाचे असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात हिमस्खलन होत नाही. सह्याद्रीतील मुख्य धोके कडे, निसरडे खडक व पावसाळ्यातील दरडी हे आहेत, त्यामुळे तेथील अनुभव बर्फातील धोका ओळखण्यास पुरेसा नसतो. भंडाऱ्यासारख्या वैनगंगेकाठच्या जिल्ह्यात पारा ४० अंशांवर असताना, मे महिन्यात, हिमालयातील उंच खिंडींत बर्फ असतो. दुपारच्या उन्हाने तो ओला होऊन घसरण्याची शक्यता वाढते. म्हणून खिंड रात्रीच्या थंडीने बर्फ गोठलेला असताना, पहाटे ओलांडण्याचा प्रघात आहे.

प्रशिक्षणानेही धोका पूर्णपणे टळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली व २९ जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवरील दुर्घटनेत १० सैनिकांना प्राण गमवावे लागले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एका जवानाचा समावेश होता.