कॉलिटनच्या नोंदवहीत काय सापडतं

मागच्या वेळी आपण राजेरजवाड्यांच्या वंशावळी पाहिल्या. आज ज्यांना वंशावळ ठेवायची गरजच नव्हती, अशा माणसांकडे जाऊ. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात कॉलिटन नावाचं पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख: गाव, आसपासच्या वाड्या आणि शेतं.

1538 साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली, हा नव्या कराचा डाव असणार! सरकारनं नाव लिहून घेतलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, हे तिथंही तसंच. कॉलिटनची वही त्याच वर्षापासून सुरू होते. पुढच्या तीनशे वर्षांच्या या नोंदी 1928 साली छापल्या गेल्या.

नुसती वाचली तर वही कंटाळवाणी आहे. केंब्रिजच्या ई. ए. रिग्ली यांनी ती वेगळ्या पद्धतीनं वाचली. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी रीत घालून दिली होती: एकेका लग्नाचा कागद करायचा, मग नवराबायकोचे बाप्तिस्मे, मुलांचे बाप्तिस्मे, सगळ्यांची दफनं शोधून त्यावर उतरवायची. कुटुंब पुन्हा उभं करायचं. यात खाचखळगे फार. 1752 पूर्वी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. समजा लग्न एप्रिल 1645 मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1645 मध्ये लिहिलेला दिसला, तर आपण उगाच भुवया उंचावू. प्रत्यक्षात मध्ये दहा महिने गेलेले असतात.

रिग्लींचा लेख 1966 साली आला. 1645 च्या नोव्हेंबरपासून वर्षभरात प्लेगनं गाव झोडपलं. 392 दफनं, म्हणजे जवळजवळ पाचातला एक माणूस गेला. त्याआधी मुलींचं पहिलं लग्न सरासरी 27 व्या वर्षी होत होतं. प्लेगनंतर 1647 ते 1719 या काळात ते 29.6 वर गेलं, तर पुरुषांचं 27.7. म्हणजे सर्वसाधारणपणे नवरी नवऱ्याहून मोठी! पूर्वीच्या काळी सगळीकडे बालविवाहच होत, असं आपण सर्रास बोलतो, ते इथं टिकत नाही. शिवाय ज्या बायकांची लग्नं तिशीच्या आत झाली, त्यांचीही मुलं पूर्वीच्या मानानं लवकर थांबली. रिग्ली म्हणाले, ही जोडपी जाणूनबुजून संततीला आळा घालत होती.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे ‘कशावरून?’ विचारायची खोड जात नाही. वहीत बाप्तिस्मा आहे, जन्म नाही. जे अधिकृत चर्चपासून फुटले, त्यांची मुलं तिथं येणारच नाहीत. आणि लग्नाचं वय कुणाचं काढता येतं? ज्यांचा बाप्तिस्माही तिथंच झाला, त्यांचंच. जी मुलगी बारा-तेराव्या वर्षी चाकरीला परगावी गेली आणि तिकडेच लग्न करून राहिली, ती या हिशेबात नाही. न झालेल्या मुलाची नोंद तर कुठेच नसते. त्या रिकाम्या जागेवरून हेतू वाचायचा, हे धाडस आहे. रिग्लींच्या या अनुमानावर पुढे बरीच टीका झाली. आम्हालाही ते पूर्ण पटत नाही. पण लग्नाच्या वयाचे आकडे आम्ही मानतो.

मग लग्नं लांबली का? पामेला शार्प यांनी वहीबाहेरची कागदपत्रं धुंडाळली. त्या भागात बायका घरी बसून बॉबिनवर लेस विणायच्या. हाताला काम होतं, गावात पुरुष कमी होते. 1685 च्या मॉन्मथच्या बंडात तर इथले पुष्कळ जण सामील झाले. लेस विणणारी ती बाई नोंदवहीत येते ती कुणाची मुलगी, कुणाची बायको, नाहीतर कुणाची विधवा म्हणून. विणकामाबद्दल तिथं अवाक्षर नाही.